साहेबाचा पहिला प्रश्न

बाबी,

काल तुझं तेरावं झालं. जेवायला पंचवीसेक माणसं होती. हात धुताना प्रत्येकाने मला सांगितलं की बाबी फार गरीब स्वभावाचा होता. तू नव्हतास. तू हट्टी होतास, खोटं बोलायचास, आणि जेवताना माशाचं डोकं माझ्या ताटातून उचलायचास. तेराव्याला कोणी असं बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

शाळेचे मास्तर म्हणाले, "वहिनी, त्याच्याबद्दल चार ओळी सांगा, मी लिहून घेतो." मी म्हटलं, माझी चौथी झाली आहे, माझं मी लिहीन. मास्तरांनी लिहिलं असतं तर त्यांनी स्वतःचा भाग गाळला असता. माझाही गाळला असता, दया येऊन. मला तो गाळायचा नाही.

निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून आपण विचारत नाही. दर्यावर जाणाऱ्याला तर कधीच नाही. कोणी चुकून विचारलंच तर त्याने मागे फिरायचं, घरात येऊन बसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा आणि मग नव्याने निघायचं. तू बारा वर्षांचा होतास आणि खळ्यात, दारापुढच्या अंगणात उभा होतास, तेव्हा मी तुझ्या दादाला, माझ्या नवऱ्याला विचारलं. घरात तांदूळ संपले होते. मला त्याला बाजारात न्यायचं होतं, आणि त्याने जाळं खांद्यावर घेतलेलं बघून माझं डोकं फिरलं. तोंडातून गेलं, "खंय जातास आता?"

तो थांबला. त्याने मागे फिरायला हवं होतं. होडीतले दोघे हाका मारत होते. तो माझ्याकडे बघून हसला आणि गेला. संध्याकाळी होडी आली, ते दोघे आले, तो आला नाही. लाटेने ओढून नेला, म्हणाले.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. सहा वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी रडले की म्हणायच्या, "इचारलंस मां? आता बस." वाडीतल्या बायका नवरे निघाले की माझ्यापासून दूर सरकायच्या. मी पहाटे पाण्याला जायची वेळ बदलली. तू मात्र कधी काही बोलला नाहीस. मला वाटायचं, लहान होतास, विसरलास.

दादा गेल्यावर होडी विकली. सातवी झाल्याबरोबर तू दुसऱ्यांच्या होडीवर जायला लागलास. तू दर्याला भ्यायचास. बाकी कोणाला ठाऊक नव्हतं, मला होतं. निघण्याआधी तू परसात जाऊन ओकायचास, तोंड धुवायचास आणि काही झालंच नाही असा वल्हं उचलायचास. गाबताच्या, मासे मारणाऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस दर्याला भितो, हे बाहेर कळलं असतं तर तुला कोणी होडीत घेतलं नसतं. मी राख टाकून ओकारी झाकायची आणि तुला भित्रो म्हणायची. दोन्ही रोज.

म्हणून त्या नोकरीची बातमी आली तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते मी विसरले नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर आगबोटीच्या कचेरीत एक जागा होती. तिकिटाच्या खिडकीत बसायचं, उतारूंना काय हवं नको ते सांगायचं. गोऱ्या, मद्रासी, कुठल्याही उतारूशी बोलता यावं म्हणून परीक्षा इंग्रजीत आणि तोंडी होती. साहेब प्रवासाचे प्रश्न विचारणार, तू उत्तरं द्यायची. पाय जन्मभर जमिनीवर. तू चोवीस वर्षांचा होतास. म्हणालास, "वयनी, ह्या काम गावला तर मी परत दर्यार जावचंय नाय." 

मास्तरांनी वीस प्रश्न काढून दिले. ते घाटावरून नव्यानेच बदलून आले होते. त्यांना शाळेतून वेळ नव्हता, मग साहेब कोण होणार? मी. तू ते प्रश्न जुन्या पंचांगाच्या कोऱ्या बाजूवर मराठी अक्षरांत लिहिलेस. मी पालथ्या टोपलीवर बसून मासळी निवडायची आणि समोर तो कागद दगडाखाली ठेवून एकेक वाचायची. तू खळ्यात हात मागे बांधून उभा.

"व्हेअर आर यू गोइंग?"

"आय अॅम गोइंग टू बॉम्बे, सर."

"हाऊ मेनी डेज?"

"टू डेज, सर."

"काल थ्री म्हणालंस."

"आज बोट जोरात आसा, वयनी."

"साहेबासमोर असला करशीत तर लाथ घालीत तुका. व्हॉट डिड यू सी ऑन द वे?"

तू दीपगृह बघितलंस, किल्ला बघितलास, उडणारे मासे बघितलेस. इंग्रजीत तू सगळं बघितलंस. प्रत्येक प्रश्नाचा अर्थ मी तुला विचारून घेतला होता, कारण अर्थ न कळता विचारायला मी काय पोपट आहे? एकदा मी म्हटलं, "बंदरार बसान लोकांका वाट दाखवतलंस, आणि स्वतः मसुऱ्याच्या जत्रेपलीकडे गेलंस काय कधी?"

"वेंगुर्ल्याक गेलंय."

"मासे घेवन."

"मासे काय साहेबाक सांगतले?"

मी हसले. त्या घरात मी किती वर्षांनी हसले होते ते तूच मोजलं असशील.

पहिल्या प्रश्नाचा अर्थ तू मला सांगितला होतास, "बरे आसास मां?" उत्तरात बॉम्बे कशाला म्हटलं, तर म्हणालास, बरा आहे म्हटल्यावर साहेबाला गावही सांगायचं असतं. प्रश्नाचं ते वाक्य मला फार आवडलं. छोटं होतं, तोंडात बसायचं. मी ते येता जाता विचारायला लागले. तू जेवायला बसलास की विचारायची. पहाटे तू परसातून तोंड पुसत आलास, वल्हं उचललंस, की मी चुलीपुढून विचारायची, "व्हेअर आर यू गोइंग?" तू म्हणायचास, "व्हेरी वेल, सर," आणि जायचास. आणि दुपारी यायचास. दोन महिने हे चाललं. दुसऱ्या महिन्यात मला परसात राख टाकावी लागली नाही. तुझं ओकणं थांबलं होतं. मला वाटलं, नोकरीच्या आशेने थांबलं.

परीक्षेच्या दिवशी मी तुला मालवणच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. कुडाळची पहिली एस. टी. उभी होती. तिथून वेंगुर्ल्याची दुसरी धरायची. दुपारी बाराच्या आत पोचायचं होतं. तू दादाचा कोट घातला होतास, बाह्या आखूड झालेल्या. मास्तरही आले होते. गाडी चालू झाली, तू पायरीवर चढलास आणि मी साहेबासारखी मान ताठ करून विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग?"

मास्तर टाळी वाजवून हसले. "वा वहिनी! कुठे चाललास म्हणून इंग्रजीत विचारताय! तुम्हीच घ्या परीक्षा!"

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. घाटावरच्या माणसाला काय ठाऊक.

मी तुला कोटाला धरून खाली ओढलं. तू म्हणालास, "वयनी, गाडी सुटता."

"सुटांदे. घराक चल. बस, पाणी पी, मगे जा."

"बारा वाजता साहेब उठतले."

"उठांदेत."

तेव्हा तू ते बोललास. ओरडला नाहीस, हळू बोललास, लहान मुलाला समजवावं तसा. "दोन म्हयने तू माका इचारतंस. दर्यार जाताना सुद्दा. मेलंय मी?"

मी तुझ्या थोबाडीत मारली. चोवीस वर्षांच्या माणसाच्या, स्टँडवर, सगळ्यांसमोर, परीक्षेच्या दिवशी. तुझा तो मुद्दा तू दोन महिने रोज माझ्यासमोर मांडत होतास आणि मला पत्ता नव्हता. मी विचारत होते आणि तू परत येत होतास. विचारून माणूस मरत नाही, हे तू मला तोंडाने सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं, म्हणून तू ते करून दाखवत होतास. हे सगळं मला आज लिहिता येतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मी एकाला खाल्लं आणि आता दुसऱ्याला खाणार.

तू घरी आलास. अर्धा तास चाललो. तू पाटावर बसलास, पाणी प्यालास, उठलास. मी दार धरून उभी होते. दुसरी गाडी दोन तासांनी मिळाली.

परीक्षेचं तू मला एकदाच सांगितलंस. पोचलास तेव्हा दोन वाजून गेले होते, मुलं जास्त आली म्हणून परीक्षा लांबली होती, पण आता बाकीची परतत होती, साहेब टोपी घालत होता. तरी त्याने बसायला सांगितलं. माणूस वाईट नसावा. त्याने पहिला प्रश्न विचारला. तोच.

"मगे?"

"गप रवलंय."

"पाठ होता मां तुका?"

"होता."

"मगे कित्याक गप?"

"साहेबान इचारल्यान आणि माका तुझो आवाज आयकाक इलो. आधी तो, मगे ती थोबाडीत."

साहेबाने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, बहिऱ्याला विचारावं तसं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "नेक्स्ट." तू उठलास. दारापर्यंत आलास तेव्हा तुझ्या लक्षात आलं की बाहेर बाकडं रिकामं आहे. तुझ्या मागे कोणीच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात तू पुन्हा होडीवर गेलास. पहिल्याच दिवशी परसात ओकलास. मी राख टाकली. ती राख मी पुढे सोळा वर्षं टाकत होते.

सोळा वर्षं आपण ह्यावरून भांडलो. आगबोटीचा भोंगा ऐकू आला की तू म्हणायचास, "बघ, माझी खिडकी इली." मी म्हणायची, "उशीर झालो म्हणान नापास नाय झालंस. तोंड शिवला होता तुझा. भित्रो." तू म्हणायचास, "भित्रो कोण, मी? घराक कोणी परत आणलो माका?" मी म्हणायची, तू खोटा अर्थ सांगितला नसतास तर मी स्टँडवर विचारलंच नसतं. तू म्हणायचास, खरा सांगितला असता तर तू कधी साहेब झाली असतीस? आणि मग आपण जेवायला बसायचो. तू बरोबर होतास की मी, ते राहूनच गेलं. तुझं लग्नही राहून गेलं. दोन ठिकाणी बोलणं झालं होतं, दोन्हीकडे खिडकीतला नवरा हवा होता. तेही तू मला ऐकवायचास. पण मी तापाने पडले तेव्हा आठ दिवस तू दर्यावर गेला नाहीस, मला पेज भरवलीस आणि शेजारणी हसल्या तर त्यांना म्हणालास, "माझी आवस आसा ती." मला आई म्हणालास, हे मी ऐकलं होतं. डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते. ऐकलं म्हणून तुला कधी सांगितलं नाही.

आता शेवटचं.

फाल्गुन लागला होता. तुझी स्वतःची छोटी होडी झाल्याला चार वर्षं झाली होती, एकट्याला पुरेल एवढी. मी मागल्या दारी बांगड्यांना मीठ लावत होते. तू परसात जाऊन आलास, तोंड धुतलंस, वल्हं घेतलंस आणि नेहमीसारखा गेला नाहीस. उंबऱ्याशी थांबलास.

"वयनी, आज मी जरा..."

मी ओरडले, "सांगा नको!"

मिठाचा हात मी तुझ्या तोंडापर्यंत नेला. विचारू नये तसं सांगूही नये. तू ओठावरचं मीठ पुसलंस आणि हसलास. "साहेब बरो तुझ्यापेक्षा. तो इचारी तरी होतो. तू सांगाकसुद्दा दिणस नाय."

मी म्हटलं, "जा तोंड घेवन."

तू गेलास. मी दिशा बघितली नाही. तेही बघत नाहीत.

संध्याकाळी तू आला नाहीस. मग सगळे आले. वाडीतला होडीवाला पांडू आला, पोलीस पाटील आला, मास्तर आले, वरच्या वाडीतली माणसं आली, आणि प्रत्येकाने मला एकच विचारलं. "खंय गेल्लो तो?" निघताना जो प्रश्न कोणी तोंडावर आणत नाही, तोच माणूस न आल्यावर सगळे विचारतात. मी काय सांगणार? तू बहुतेक दक्षिणेकडे जायचास, खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायचास. मी देवबागेकडे बोट दाखवलं. पांडू आणि सहा होड्या त्या बाजूला गेल्या. दुसऱ्या दिवशीही तिकडेच. तिसऱ्या दिवशीही तिकडेच, आणखी पुढे, वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत. माझ्या बोटामागे.

चौथ्या दिवशी आचऱ्याच्या बाजूने माणूस आला. उत्तरेकडून. तिकडे समुद्रात एक खडक आहे, ओहोटीला वर येतो, भरतीला हातभर उरतो. तुझी होडी खाली फुटून पडली होती. तू वर होतास. पाय मोडला होता. खडकाच्या भेगेत वल्हं उभं रोवलं होतं आणि त्याला तुझा सदरा बांधला होता, दोन्ही बाह्यांना दुहेरी गाठी. तू जाळ्याला मारतोस तशाच.

मेलेला माणूस सदरा बांधत नाही, बाबी. मी त्या माणसाला विचारलं, किती वेळ झाला असेल. तो खाली बघायला लागला. मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, "काकी, काल सकाळपर्यंत जित्तो आसतलो."

म्हणजे दोन दिवस. दोन दिवस तू सदरा वाऱ्यावर सोडून दक्षिणेकडे बघत बसला असशील. आणि सगळ्या होड्या आणखी दक्षिणेला चालल्या होत्या.

काल तेराव्याला शेजारच्या भागीरथीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तीच, जी दादा गेल्यावर माझ्यापासून दूर सरकायची. म्हणाली, "रडा नको गो. ह्या येळेक तुया इचारूक नाय. तुझो काय दोष नाय." तिने ते मनापासून म्हटलं. मी तिला आणखी भात वाढला.

आज सकाळी मी किनाऱ्यावर गेले, होड्या लोटतात तेव्हाच. पांडू होडीला खांदा लावून उभा होता. मी जवळ जाऊन विचारलं, "पांडू, खंय जातंस?"

त्याने वल्हं टाकलं. "काकी, खुळावलंस काय?"

"खंय जातंस?"

त्याने शिवी दिली. बाकीचे थांबले, एकाने वाळूत थुंकून तोंड फिरवलं. पांडू घरी गेला, बसला, पाणी पिऊन आला. मी तिथेच होते. पुन्हा विचारलं. तो पुन्हा घरी गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ऊन वर आलं होतं आणि त्याची बायको मागून रडत आली होती, माझ्या पाया पडायला. मी तिला उठवलं. म्हटलं, "माझ्या पायां पडा नको. त्याका इचार. तो नाय इलो तर बोट खंय दाखवतलंस?"

तिने विचारलं नाही. पण पांडू होडीत चढता चढता, तिच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, दर्याकडे बघून ओरडला, "देवबागेक! दनपारा येतलंय! झाला?"

झालं. दुपारी तो आला. माझ्याशी बोलला नाही. वाडीत आता म्हणतात की दिराच्या मरणाने म्हातारीला वेड लागलं. काही जण म्हणतात, ती आधीपासूनच अवदसा होती. म्हणू देत. उद्याही जाणार आहे. मला ह्यातून काही मिळायचं नाही, माझं कोणी दर्यावर जायचं राहिलेलं नाही.

तुझ्या वीस प्रश्नांचा कागद मी शोधला. वाळवीने खाल्ला आहे, वरची एक ओळ तेवढी उरली आहे. सोळा वर्षं मी तुला टोचत आले की उत्तर पाठ असून तोंड शिवून बसलास. आता ते मागे घेते. त्या फाल्गुनातल्या सकाळी तुझं तोंड शिवलेलं नव्हतं. कोणी न विचारताच तू उत्तर द्यायला उंबऱ्याशी थांबला होतास. साहेब मी होते. मीच नेक्स्ट म्हटलं, आणि तुझ्या मागे कोणीच नव्हतं.